मिरी आणि मिठाचा ग्राइंडर: निवड, वापर आणि पावसाळ्यातली डोकेदुखी

दुकानात बघा किंवा ऑनलाइन, ग्राइंडर बहुतेक वेळा जोडीनेच विकायला ठेवलेले असतात. एक मिरीचा, एक मिठाचा, दिसायला जुळे. टेबलावर जोडी शोभते, पण दोघांची कामं अगदी वेगळी आहेत. मिरीचा तिखटपणा पायपरिन नावाच्या घटकातून येतो आणि तो बराच टिकतो. वास मात्र उडून जाणाऱ्या तेलांचा असतो, आणि दाणा फुटला की ती तेलं हवेत जायला लागतात. म्हणून पाकिटातली जुनी मिरपूड जिभेला झोंबते, पण नाकाला काहीच कळत नाही. मिठात असं उडून जाण्यासारखं काही नसतं. ते आज दळलेलं घाला नाहीतर वर्षापूर्वीचं, चव तीच.

म्हणजे खर्चाचा हिशेब सोपा झाला. पैसे मिरीच्या ग्राइंडरवर घाला, आणि मिठाचा हवा आहे का हे वेगळं तपासा. नाशिकमध्ये तर हे तपासायलाच हवं. एप्रिल-मेमध्ये इथली हवा कोरडीठाक असते, आणि जून ते सप्टेंबर ती इतकी दमट होते की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. मिरीच्या ग्राइंडरला याचा थोडा त्रास होतो, मिठाच्या ग्राइंडरला फार.

आधी गरज ठरवा

ग्राइंडर हे पानात वाढल्यावर किंवा गॅस बंद केल्यावर वरून घालण्यासाठी आहे. उकडलेली अंडी, आम्लेट, काकडी-टोमॅटो, टोमॅटोचं सार, सूप, पनीर, मक्याचे दाणे, कापलेला पेरू, पास्ता. एका वेळी अर्ध्या छोट्या चमच्यापर्यंत मिरपूड लागत असेल तर ग्राइंडर कामाचा. त्याहून जास्त लागत असेल तर मनगट दुखेल आणि वेळ जाईल. मिसळीच्या काळ्या मसाल्यात जाणारी मिरी मिक्सरमधूनच निघणार. काढ्याला किंवा मठरीला लागणारी भरड खलबत्त्यात दोन मिनिटांत होते, आणि ग्राइंडरपेक्षा चांगली होते. घरात खलबत्ता आहे आणि मिरी आठवड्यातून एकदाच लागते, असं असेल तर पुढे वाचलं नाहीत तरी चालेल.

मिठाचा ग्राइंडर दोनच घरांत खरा उपयोगी पडतो. एक, जिथे उपासाला शेंदेलोण म्हणजे सैंधव वापरतात आणि ते खड्यांचं आणतात. दुसरं, जिथे काकडीवर किंवा अंड्यावर घातलेल्या मिठाचे कण दाताखाली यावेत अशी आवड आहे. कणकेत, भातात, आमटीत घालायचं मीठ ग्राइंडरने कधीच घालू नका. सपाट छोटा चमचाभर बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम भरतं, हा अंदाज हाताला बसलेला असतो. ग्राइंडर किती वेळा फिरवला म्हणजे किती मीठ पडलं, हा अंदाज कधीच बसत नाही आणि आमटी खारट होते.

आत काय असतं

ग्राइंडर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि काय बघायचं ते आधी माहीत असू द्या. सगळ्यात वर नट किंवा गोल मूठ, त्याखाली फिरणारी टोपी. टोपीतून खालपर्यंत जाणारा धातूचा दांडा, जो बहुतेक वेळा चौकोनी असतो, म्हणजे टोपीबरोबर तोही फिरतो. तळाशी दांड्यावर बसवलेला दातेरी शंकू, त्याभोवती शरीराला घट्ट बसवलेलं दातेरी कडं, आणि दोघांना योग्य जागी धरणारी एक स्प्रिंग. जात्यात वरचा दगड फिरतो, खालचा जागचा हलत नाही, तसा इथे शंकू फिरतो आणि कडं स्थिर राहतं. दोघांमधलं अंतर म्हणजे दळणाची जाडी. बाकी लाकूड, काच, चकाकी हे सगळं वरचं आवरण.

दात कशाचे आहेत, हाच खरा प्रश्न

मिरीसाठी कडक केलेल्या स्टीलचे दात सगळ्यात चांगले. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने १८७४ मध्ये मिरीचा ग्राइंडर बाजारात आणला. त्याआधी १८४० पासून ती कॉफी दळण्याची यंत्रं बनवत होती आणि त्याहूनही आधी करवतीची पाती. मोटारी खूप नंतर आल्या. पोलादाला धार लावणाऱ्यांच्या हातून हे काम सुरू झालं, हे त्या दातांच्या रचनेत दिसतं. वरच्या बाजूचे मोठे, तिरके दात दाणा ओढून आत घेतात आणि फोडतात, खालचे बारीक दात त्याचे तुकडे कापतात. दाणा कापला गेला की कण सारख्या आकाराचे पडतात. नुसता चिरडला गेला तर अर्धं पीठ आणि अर्धे मोठे तुकडे असा प्रकार होतो, आणि मग सुपात एक घास मिळमिळीत, पुढचा ठसका लावणारा.

पण हेच स्टील मिठाला चालत नाही. दमट मीठ त्याला गंज चढवतं. स्टेनलेस असलं तरी ओल्या मिठाच्या सतत संपर्काने त्यावर बारीक खड्डे पडू शकतात. म्हणून मिरीच्या स्टील ग्राइंडरमध्ये 'एकदाच' म्हणूनसुद्धा मीठ भरू नका, आणि मिरीत मिसळूनही नको.

सिरॅमिकचे दात गंजत नाहीत, त्यामुळे मिठाला तेच घ्यावेत. मिठाचा स्फटिक मुळात मऊ असतो, कठीणपणाच्या मोहस् मापावर सुमारे २ ते २.५. त्याला फोडायला धारदार दात लागतच नाहीत, गंज न लागणारे लागतात. मिरीलाही सिरॅमिक चालतं, फक्त ते दाणा कापण्यापेक्षा घासतं, त्यामुळे काम हळू होतं आणि भरड नीट निघत नाही. ग्रॅनाइटच्या ओट्यावरून फरशीवर पडला तर सिरॅमिकचा कपचा उडू शकतो. कपचा उडालेले दात वापरायचे नाहीत, तो तुकडा जेवणात जाऊ शकतो.

प्लॅस्टिकचे दात हा तिसरा प्रकार. आधीच मसाला भरून मिळणाऱ्या बाटल्यांच्या झाकणात हेच असतात. ते झिजतात, आणि झिजलेलं प्लॅस्टिक जाणार कुठे, तर तुमच्या ताटात. अशा बाटलीतला मसाला संपला की बाटली टाकून द्या. झाकण उचकटून पुन्हा मिरी भरण्याची काटकसर इथे नको.

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत नावात होते. 'स्टेनलेस स्टील ग्राइंडर' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, पण स्टीलचं असतं ते बाहेरचं आवरण. आतले दात सिरॅमिकचे असतात, कधीकधी प्लॅस्टिकचेही. वर्णनात दळणाऱ्या भागाचं साहित्य वेगळं लिहिलं आहे का ते शोधा. लिहिलेलंच नसेल तर ते सांगण्यासारखं नसावं असं धरून चाला. काही कंपन्या टोपीच्या नटवर मिरीसाठी पी आणि मिठासाठी एस कोरतात. हे अक्षर आतले दात वेगळे आहेत म्हणून असतं, शोभेसाठी नव्हे. स्वस्त जोडीत मात्र दोन्हीकडे एकच सिरॅमिक असतं आणि अक्षरं तेवढी वेगळी.

जाडी बदलण्याची सोय

जुन्या पद्धतीत वरचा नट आवळला की दळण बारीक, सैल केला की जाडसर. साधी आणि टिकाऊ सोय आहे. अडचण एवढीच की मिरी भरायला नट पूर्ण काढावा लागतो आणि दर वेळी जाडी नव्याने लावावी लागते. शिवाय टोपी उलटी फिरवायची सवय असेल तर नट आपोआप सैल होत जातो.

दुसऱ्या पद्धतीत तळाशी फिरवायची चकती असते, तिला टप्पे असतात किंवा ती सलग फिरते. भरताना जाडी हलत नाही. घरात एकाला बारीक आणि दुसऱ्याला भरड लागत असेल तर टप्प्यांची चकती घ्या, कारण जुना टप्पा लगेच सापडतो.

जाडीला आपल्याकडे नेमके शब्द आहेत, तेच वापरून बघा. सार, सूप, ताक यांना बारीक. अंडी, पनीर, काकडी यांना रवाळ. भाजलेल्या मक्याला, तव्यावर परतलेल्या बटाट्याला भरड. तिन्ही प्रकार स्वच्छ निघत असतील तर ग्राइंडर चांगला. बारीकवर लावूनही मध्येच अर्धा दाणा पडत असेल तर शंकू कड्याच्या मध्यभागी नीट बसलेला नाही.

बाहेरचं आवरण, आकार, बॅटरी

लाकडी ग्राइंडर हातात छान बसतो, पण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि टोपी घट्ट होते. दिवाळीपर्यंत ती पुन्हा मोकळी होते, त्यामुळे जुलैमध्ये टोपी घासून बारीक करायला जाऊ नका, हिवाळ्यात ती डगडग हलेल. काचेत किती उरलं ते दिसतं, पण उजेडात मिरीचा वास लवकर उतरतो, म्हणून काचेचा ग्राइंडर खिडकीत ठेवू नये. अ‍ॅक्रिलिक हलकं असतं, काही वर्षांत धुरकट होतं. पितळी ग्राइंडर, विशेषतः वर फिरवायचा दांडा असलेला तुर्की पद्धतीचा, मिरीसाठी उत्तम आहे. मिठासाठी अजिबात नाही. पितळेला ओल्या मिठाने हिरवा कळंक चढतो, हे भांडी बाजारातल्या कोणत्याही कल्हईवाल्याला विचारा.

उंची १५ ते २० सेंटिमीटर पुरे. त्याहून उंच हॉटेलात ठीक, घरच्या मांडणीत तो बसत नाही. ५० ग्रॅम मिरीला साधारण ९० ते १०० मिलीलिटर जागा लागते. चौघांच्या घरात रोज अर्धा ते एक ग्रॅम मिरपूड धरली तर एवढी भर दीड ते तीन महिने जाते. म्हणजे मोठं भांडं घेऊन काही साधत नाही, मिरी आतच शिळी होईल.

बॅटरीचा ग्राइंडर एका हाताने चालतो, म्हणून सांधेदुखी असलेल्यांना किंवा एका हातात कढई धरून काम करणाऱ्यांना बरा. घेताना चार गोष्टी बघा. सेल किती आणि कोणते लागतात (चार ते सहा ट्रिपल-ए सेल लागणारे बरेच असतात, ते जड होतात), दात कशाचे आहेत, बटण दाबून चालतो की उलटा केला की आपोआप, आणि तळाला झाकण आहे का. उलटा केला की चालणारे ग्राइंडर कपाटातून काढताना आडवे झाले तरी सुरू होतात आणि ओट्यावर मिरपूड सांडते. महिना-दोन महिने वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, दमट हवेत ते गळतात आणि जोडणी खराब होते. चार्जिंगचा असेल तर साध्या सी-टाइप केबलवर चालणाराच घ्या.

दुकानात तपासणी

भांडी बाजारात आणि मेन रोडला खलबत्ते, पितळी-स्टीलची भांडी मनासारखी मिळतात. ग्राइंडरचे प्रकार कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या घरसामानाच्या दुकानांत जास्त बघायला मिळतील. कुठेही जा, खिशात कागदाच्या पुडीत वीस-पंचवीस मिरीचे दाणे घेऊन जा आणि दुकानदाराला विचारून हे करा:

१. टोपी काढा. तोंड निदान अडीच-तीन सेंटिमीटर रुंद हवं, नाहीतर भरताना निम्मी मिरी जमिनीवर जाईल.

२. आतला दांडा बघा. धातूचा हवा. प्लॅस्टिकचा दांडा बारीक दळताना पिळतो आणि एके दिवशी तुटतो.

३. उलटा करून मोबाइलच्या उजेडात दात बघा. स्टीलचे असतील तर दातांच्या कडा स्पष्ट आणि खोल दिसायला हव्यात. नुसतं पत्र्यावर ठसे उमटवल्यासारखं दिसलं तर नको.

४. तळाला स्क्रू आहेत का बघा. स्क्रू असतील तर उघडून साफ करता येतो. रिव्हेट ठोकलेला असेल तर अडकल्यावर फेकण्याशिवाय इलाज नाही.

५. दाणे घाला, मध्यम जाडी लावा, पांढऱ्या कागदावर दहा वेळा पूर्ण फिरवा. पाव छोट्या चमच्याच्या आसपास मिरपूड पडली तर वेग चांगला आहे. चिमूटभरच पडली तर रोज कंटाळा येईल.

६. कागदावरचे कण बोटाने पसरा. सगळे साधारण एकसारखे आहेत की धूळ आणि तुकडे वेगवेगळे दिसतात, ते बघा.

ग्राइंडर रिकामा जोरात फिरवून 'किती गुळगुळीत चालतो' हे बघू नका. बारीकवर लावलेले दात एकमेकांवर घासतात आणि नवीन असतानाच झिजतात. दुकानदारही तसं दाखवत असेल तर त्याला थांबवा.

काचेची बरणी आणि सिरॅमिक दात असलेली साधी जोडी काहीशे रुपयांत मिळते, कडक स्टीलच्या दातांचा आयात केलेला एकच ग्राइंडर काही हजारांत जातो. नवीन घर मांडणाऱ्यांनी मधला रस्ता घ्यावा: मिरीसाठी मध्यम किमतीचा, स्टीलच्या दातांचा एक ग्राइंडर, आणि मिठासाठी झाकणाची बरणी.

मिरी कोणती भरायची

ग्राइंडर कितीही चांगला असला तरी हलकी, पोकळ मिरी त्यात धूळच होते. रविवार कारंजा भागातल्या जुन्या किराणा-मसाल्याच्या दुकानांतून सुटी घेत असाल तर दाणा दोन बोटांत दाबून बघा. चांगली मिरी फुटत नाही. हलकी मिरी चुरडते. घरी आणल्यावर ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका. भरीव मिरी तळाशी बसते, पोकळ दाणे आणि पपईच्या बिया वर तरंगतात. पपईची बी लंबगोल, आकसलेली, हिरवट-तपकिरी दिसते. हे पाण्यातले दाणे नंतर ग्राइंडरमध्ये टाकू नका, ते आमटीत संपवा.

तेलिचेरी या नावाने विकली जाणारी मिरी म्हणजे आकाराने मोठा दाणा, ४.२५ मिलिमीटरच्या वरचा. त्यातल्या सर्वांत ठळक प्रतीला ४.७५ मिलिमीटरची चाळण लागते. वास सुरेख, पण लहान, स्वस्त ग्राइंडरच्या दातांत हा दाणा शिरतच नाही, वरच गरगरत राहतो. अशा ग्राइंडरला नेहमीची मलबार मिरी बरी.

पांढरी मिरी चालते, हिरवी वाळवलेली मिरी मऊ असते म्हणून थोडीच मिसळा. गुलाबी 'मिरी' ही मुळात मिरी नाही, दुसऱ्याच झाडाचं फळ आहे. ती चिकट असते आणि एकटी भरली तर दात लिंपून टाकते. जिरे, धणे, तीळ, लवंग, सुकी मिरची यांतलं काहीही मिरीच्या ग्राइंडरमध्ये नको. धण्याची सालं दातांत अडकतात, तिळाचं तेल चिकटतं, आणि मिरचीचा वास पुढचे दोन महिने जात नाही.

एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त मिरी आणू नका. ग्राइंडरमध्ये तीन-चार आठवड्यांची घाला, बाकीची घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात.

मीठ कोणतं, आणि पाऊस आला की काय

शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढू लागतं. खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेत ओले होतात. मिठागरातून आलेलं जाडं मीठ उन्हाळ्यातही हाताला दमट लागतं ते यामुळे. बाजारातलं बारीक मीठ मोकळं राहतं, कारण त्यात गोळे न होऊ देणारा घटक मिसळलेला असतो. ते आधीच बारीक असल्याने ग्राइंडरमध्ये भरण्यात काही अर्थ नाही, तळातून सरळ गळेल.

ग्राइंडरला योग्य मीठ म्हणजे कोरडे, २ ते ४ मिलिमीटरचे खडे. सैंधव यासाठी सगळ्यात सोपं. मोठा खडा आणला असेल तर बत्त्याने फोडा, मग दोन चाळण्या वापरा. गव्हाच्या चाळणीतून जे खाली पडेल ते घ्या, त्यातलं पीठ रव्याच्या चाळणीने काढून टाका आणि मधले खडे भरा. ओलावा बघायला एक मूठ कोऱ्या कागदावर पाच मिनिटं ठेवा. कागदावर ओलसर डाग उमटला तर कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट असताना भरलं तर आत वाफ धरते आणि केलेली मेहनत वाया जाते.

बहुतेक सैंधवात आयोडीन मिसळलेलं नसतं, पाकिटावर बघून घ्या. स्वयंपाकाचं मीठ आयोडीनयुक्तच ठेवा, सैंधव वरून आणि उपासाला. पादेलोण ग्राइंडरमध्ये घालू नका. त्याचा गंधकाचा वास नंतर येणाऱ्या प्रत्येक मिठाला लागतो.

आणि पावसाळा. पहिला जोरदार पाऊस झाला की मिठाचा ग्राइंडर रिकामा करा, पुसा, कोरडा करून कपाटात ठेवा, नवरात्राच्या सुमारास पुन्हा काढा. नवरात्रातच सैंधव जास्त लागतं, तेव्हा वेळही बरोबर जमते. त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरीत राहत असाल, जिथे पाऊस शहराच्या कितीतरी पट पडतो, तर मिठाचा ग्राइंडर घेऊच नका असं स्पष्ट सांगावंसं वाटतं. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायची युक्ती ग्राइंडरमध्ये करू नका. तांदूळ दातांत जाऊन मिठाबरोबर दळला जातो आणि ओलाव्याने त्याची खळ होते.

पहिल्यांदा भरताना

नवीन ग्राइंडर कोरड्या फडक्याने आतून पुसा. पाण्याने धुऊ नका. तीन चतुर्थांशच भरा. काठोकाठ भरलं की दाणे एकमेकांना अडकून कमान धरतात आणि दातांपर्यंत पोचतच नाहीत. टोपी बसवताना दांड्याचा चौकोन टोपीच्या भोकात नीट बसला आहे ना बघा, मग नट दोन बोटांनी लागेल तेवढाच आवळा. सुरुवात नेहमी जाडसरपासून करा आणि फिरवत फिरवत बारीककडे या. थेट बारीकवर आवळून फिरवलं तर साबूत दाणा दातांत अडकतो. पहिली चमचाभर मिरपूड टाकून द्या, कारखान्यातली धूळ आणि तेल तिच्याबरोबर निघून जातं.

फिरवताना शरीर एका हाताने घट्ट धरा आणि टोपी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. उकळत्या भांड्यावर ग्राइंडर धरणं ही सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. वाफ तळातून वर जाते, मिरपूड दातांवर लिंपली जाते, आणि मिठाचा ग्राइंडर तर दोन-चार वेळांत दगड होतो. वाटीत किंवा तळहातावर दळा आणि मग सारात घाला. वापर झाला की तळावर दोन टिचक्या मारा आणि बशीत ठेवा, ओट्यावर काळी रिंगणं उमटणार नाहीत.

साफसफाई

मिरीचा ग्राइंडर दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकामा करा. एक छोटा चमचा कोरडे, कच्चे तांदूळ भरून जाडसरवर दळा. मिरीचं तेल त्या पिठाला लागून बाहेर येतं. पीठ स्वच्छ पांढरं येईपर्यंत दळा, मग जुन्या कोरड्या टूथब्रशने दात झाडा. स्टीलला पाणी लावायचं नाही. सिरॅमिकचा तळ सुटा होत असेल तर कोमट पाण्याने धुऊन चालतो, पण नंतर पंख्याखाली किंवा उन्हात पूर्ण एक दिवस वाळवा. पावसाळ्यात दोन दिवस.

बिघाड आणि त्यांची कारणं

मिरी पडेनाशी झाली तर नट सैल करून जाडसरवर आणा, ग्राइंडर उलटा धरून हलवा, अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे असं करा. तरीही पडत नसेल तर दाण्यांना ओल लागलेली असते. मऊ झालेला दाणा फुटत नाही, चेपतो आणि दातांना चिकटतो. रिकामा करा, टूथपिकने दात मोकळे करा, मिरी तासभर सावलीत वाऱ्यावर पसरा. कडक उन्हात ठेवली तर वास जाईल.

टोपी फिरवायला जड जात असेल तर बहुतेक वेळा नट जास्त आवळलेला असतो. जोर लावू नका, दांड्याचे आटे खराब होतात आणि ते दुरुस्त होत नाहीत. साबूत दाणे खाली पडू लागले तर उलट: नट सैल झाला आहे, किंवा दात झिजले आहेत. नट आवळूनही फरक पडत नसेल तर झिजले आहेत.

मिठाचा ग्राइंडर घट्ट झाला आणि दात सिरॅमिकचे असतील तर वरचं मीठ काढून तळ कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा. १०० मिलीलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, त्यामुळे वाटीभर पाणी पुरतं. खरवडायची गरज नाही, सुरीने तर नाहीच. स्प्रिंग आणि दांडा धातूचे असतात, पाण्यातून काढल्यावर ते आधी फडक्याने कोरडे करा, नाहीतर मीठ सुटेल आणि गंज राहील.

मिरपुडीत तांबूस कण दिसले, किंवा दळताना धातूचा वास आला, तर दातांना गंज लागला आहे. तेलाने घासून, लिंबू लावून हा गंज जात नाही, दातांच्या फटींत तो उरतोच. स्क्रूचा ग्राइंडर असेल आणि कंपनीचा सुटा भाग मिळत असेल तर तो बदला. मिळत नसेल तर ग्राइंडर बदला, आणि आतली मिरी फेका.